मुनिया : ओळख, संगोपन आणि कायदा

(द्वितीय वर्ष, कला)

पक्ष्यांवर लिहायचे म्हटले की आपल्याकडे लेखणी मोर, पोपट, कोकिळा आणि राजहंस यांच्यापलीकडे सहसा जात नाही. मोराला राष्ट्रीय पक्ष्याचा मान आहे, पोपट बोलतो, कोकिळेवर कवींचा लोभ आहे. राजहंस तर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलाही नाही. पण ज्या पाखरांशी शेतकऱ्याचा वर्षातून दोनतीन महिने रोजचा झगडा चालतो, ती मुठीत दोन मावतील एवढी पाखरे मात्र वह्यापुस्तकांत क्वचितच येतात. ज्वारी-बाजरी चिकात आली की ही पाखरे थव्याने उतरतात, कणसाला लोंबकळून दाणा फोडतात, गोफणीचा दगड गेला की भुर्रकन उडून बांधावरच्या बाभळीवर बसतात आणि पाठ वळताच परत येतात. प्रस्तुत लेख या पाखरांविषयी, म्हणजे मुनियांविषयी आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मुनियांशी माझी ओळख पुस्तकातून झालेली नाही. ती राखणीच्या माळ्यावर झाली. आमच्याकडे या सगळ्यांना सरसकट ‘चिमण्या’ म्हणतात. लाल दिसली तर ‘लाल चिमणी’, एवढाच काय तो भेद. त्यांना निरनिराळी नावे आहेत, जाती आहेत, हे मला कॉलेजच्या ग्रंथालयात सलीम अलींचे पुस्तक हाती आल्यावर कळले. माझ्या वडिलांना मी चित्रे दाखवली तेव्हा त्यांनी एकेक पाहून ‘ही फडात असती, ही काट्याकुट्यात असती’ असे बिनचूक सांगितले. नावे ठाऊक नसली म्हणून ओळख नसते असे नाही, हे तेव्हा लक्षात आले.

प्रथम ‘फिंच’ या शब्दाविषयी. हा इंग्रजी शब्द फार सैल आहे. जाड, शंकूसारखी चोच असलेल्या आणि बिया फोडून खाणाऱ्या कोणत्याही लहान पाखराला इंग्रज लोक फिंच म्हणत आले. शास्त्राच्या दृष्टीने खरे फिंच म्हणजे ‘फ्रिंजिलिडी’ कुळातले पक्षी. आपल्या देशात ते मुख्यतः हिमालयात राहतात. त्यातला रोजफिंच हिवाळ्यात आपल्याकडे उतरतो. मुनियांचे कूळ वेगळे, ‘एस्ट्रिल्डिडी’. आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया या तीन खंडांत ते पसरलेले आहे. गवताच्या बियांवर जगणारे म्हणून त्यांना गवती फिंच म्हटले तरी चालेल. आपली घरचिमणी आणि सुगरण ही त्यांची चुलत भावंडे म्हणता येतील, पण कुळे निराळी.

लाल मुनियेच्या नावाची एक गंमत आहे. लिनियसने १७५८ साली या पाखराला जे शास्त्रीय नाव दिले त्यात ‘अमंडावा’ हा शब्द आहे, आणि इंग्रजीत तिला ‘अवाडावाट’ म्हणतात. हे दोन्ही शब्द अहमदाबाद या गावाच्या नावाचे अपभ्रंश आहेत. त्या काळी अहमदाबादेहून ही पाखरे पिंजऱ्यात भरून युरोपला जात. एखाद्या गावाचे नाव तिथल्या कापडाला किंवा मिठाईला पडते हे आपण ऐकतो. पण इथे गावाचे नाव पाखराला पडले, तेही ते पाखरू तिथे विकले जात होते म्हणून. म्हणजे ही जात शास्त्राच्या वहीत चढण्याआधीच व्यापाऱ्याच्या वहीत चढलेली होती.

आता ओळख. मुनिया पाहताना नवखा माणूस रंग पाहतो. मी सुचवीन की आधी चोच पाहावी, मग शेपटीच्या बुडाशी म्हणजे कमरेवर काय रंग आहे ते पाहावे, आणि रंगाकडे सर्वांत शेवटी यावे. कारण रंग ऋतूप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलतो.

लाल मुनिया सुमारे दहा सेंटिमीटर लांब, म्हणजे चिमणीहून बरीच लहान. विणीच्या काळातला नर एकदा पाहिला की विसरता येत नाही. अंग गडद किरमिजी, त्यावर पांढरे टिपके, पंख तपकिरी, शेपूट काळसर आणि चोच लालभडक. पाणथळ जागेतले उंच गवत, लव्हाळी, पाणकणसाची बेटे आणि उसाचे फड ही तिची आवडती ठिकाणे. मादी वरून मातकट तपकिरी आणि खालून फिकट पिवळसर असते. पण तिच्याही कमरेवर लाल रंग असतो आणि पंखांवर पांढरे ठिपके असतात. गोंधळ होतो तो इथे. पावसाळा आणि विणीचा हंगाम संपल्यावर, हिवाळा सरता सरता नर आपला लाल पोशाख उतरवतो आणि जवळजवळ मादीसारखाच दिसू लागतो. चोचीचा रंगही कायम राहत नाही. मे महिन्यात ती लाल व्हायला लागते, वर्षअखेरीस गडद होत जाते आणि एप्रिलमध्ये झपाट्याने काळी पडते. त्यामुळे उन्हाळ्यात ‘नर कुठे गेले?’ असे वाटते. ते तिथेच असतात. या कुळात वर्षातून दोन वेश धारण करणारे पक्षी फार थोडे आहेत.

ठिपकेवाली मुनिया अधिक सर्रास दिसते. डोके आणि पाठ चॉकलेटी, पोटावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळसर खवल्यांची नक्षी, चोच काळपट. हिचे नरमादी दिसायला सारखेच. हिची पिल्ले मात्र खवल्यांशिवाय, नुसती फिकट तपकिरी असतात. अशी साधी पाखरे थव्यात दिसली की लोक त्यांना दुसरीच जात समजतात. काळ्या डोक्याची जी मुनिया असते तिला तिरंगी मुनिया म्हणतात. डोके व गळा काळा कुळकुळीत, पाठ तांबूस, पोट पांढरे आणि पोटाच्या मध्यावर पुन्हा काळा पट्टा. ही भातखाचरांत आणि दलदलीत असते.

माळरानात, बाभळी-बोरींच्या काट्यांत राहणारी ती पांढऱ्या कंठाची मुनिया. ती फिकट मातीच्या रंगाची. कंबर पांढरी, शेपूट काळी व टोकदार, आणि चोच करड्या चांदीसारखी. वडिलांची ‘काट्याकुट्यातली’ ती हीच. हिला सुगरणीच्या जुन्या खोप्यात राहायचे वावडे नाही; दुसऱ्याने विणलेले घर आयते मिळाले तर ती खुशाल त्यात अंडी घालते. सह्याद्रीच्या झाडीत आणि कोकणात पांढऱ्या पाठीची मुनिया भेटते. ती गडद तपकिरी असते आणि उडाली की कमरेवरचा पांढरा पट्टा लखकन चमकतो. हिच्याविषयी पुढे एक नवलाची गोष्ट सांगायची आहे.

राहिली हिरवी मुनिया. वरून शेवाळी हिरवी, खालून पिवळी, कुशीवर काळ्यापांढऱ्या रेघा आणि चोच लाल. ही जात भारताखेरीज जगात कुठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. मध्य भारतात आणि राजस्थानात अबूच्या डोंगराभोवती ती तुरळक दिसते, आणि जगातल्या धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत तिची नोंद आहे. तिच्या या स्थितीला पिंजऱ्यांचा व्यापार हे एक मोठे कारण मानतात. रूप हेच वैर झाले, असे म्हणावे लागते.

बाजारात मात्र ‘हिरवी मुनिया’ म्हणून जे विकले जाते ते पुष्कळदा रंगवलेले असते. साध्या तपकिरी मुनिया धरून त्यांना हिरव्या, पिवळ्या, गुलाबी रंगात बुडवतात. असे पाखरू ओळखणे अवघड नाही. निसर्गाचा रंग पिसापिसागणिक बदलतो, कडांना हलका होतो. बुडवलेल्या पाखराचा रंग सगळीकडे सारखा असतो, पिसे एकमेकांना चिकटून तारांसारखी दिसतात, आणि पायांवर व चोचीच्या मुळाशी डाग राहतात. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचा उपयोग आहे.

मुनिया ओळखण्याची आणखी एक खूण वागण्याची आहे. ही पाखरे एकटी राहत नाहीत. फांदीवर बसताना एकमेकींना अंग लावून बसतात, शेजारणीची पिसे विंचरतात, आणि मधली उडाली तर उरलेल्या सरकून फट बुजवतात. वसतिगृहात नव्याने आलेल्या मुली पहिले काही दिवस जशा एकाच खाटेवर दाटीवाटीने बसतात, तसे ते दृश्य असते. चिमणी अशी बसत नाही. पिल्लांच्या तोंडात आणखी एक नवल असते. टाळूवर व जिभेवर काळे ठिपके असतात आणि जातीजातीप्रमाणे त्यांची मांडणी निराळी असते. काळोख्या घरट्यात चोच उघडली की आईबापांना घास कुठे द्यायचा ते दिसते.

इतके वर्णन केले की ऐकणारा हमखास विचारतो, ‘मग ही पाळता येतात का?’ हा प्रश्न मला मैत्रिणींनी विचारला, घरच्यांनी विचारला आणि एका प्राध्यापकांनीही विचारला. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

पहिला भाग कायद्याचा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. त्यात शिकार या शब्दाचा अर्थ केवळ मारणे असा नाही. सापळा लावणे, जाळ्यात धरणे हीसुद्धा शिकारच. तरीही त्यानंतर काही वर्षे परवान्याने पाखरांचा व्यापार चालू होता आणि मुनिया बोटीने आणि विमानाने परदेशी जात होत्या. १९९०-९१ च्या सुमारास भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर सरसकट बंदी आली. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या परिशिष्टांची फेरमांडणी झाली, पण मुनियेच्या बाबतीत मूळ गोष्ट तीच राहिली. आपल्या रानातली मुनिया धरणे, विकणे, विकत घेणे आणि घरात पिंजऱ्यात ठेवणे, यांतले काहीही करता येत नाही. हीच गोष्ट आपल्या पोपटाची. पण पोपटाचा पिंजरा इतक्या ओसऱ्यांवर टांगलेला दिसतो की तो गुन्हा आहे हे सांगितले तर लोक हसतात.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. ऑस्ट्रेलियात तिथले देशी फिंच लोक राजरोस पाळतात, मग आपणच का नाही? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. ऑस्ट्रेलियातला झेब्रा फिंच किंवा रंगीत गोल्डियन फिंच जो पिंजऱ्यात दिसतो, तो पिंजऱ्यातच जन्मलेल्या आईबापांचा, त्यांच्याही आईबापांचा वंशज असतो. पूर्वी तिथेही रानातून धरत. पण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात पैदास होऊ लागली आणि रानावरचा भार उतरला. १९६० पासून त्या देशाने आपले पक्षी व्यापारासाठी बाहेर पाठवणे बंद केले, तरी जगभरच्या दुकानांत झेब्रा फिंच मिळतो, याचे कारण हेच. आपल्याकडे मुनियेची अशी पैदास करण्याची रीत रुजलीच नाही. रानात ती इतकी मुबलक होती की कष्ट घेतो कोण? म्हणून आपल्याकडे पिंजऱ्यातली मुनिया म्हणजे जवळजवळ नेहमीच जाळ्यात धरलेली मुनिया. टोपलीत शंभर कोंबल्या की त्यातल्या किती बाजारापर्यंत जिवंत पोचत असतील, याचा विचार विकत घेणारा करीत नाही. त्याला फक्त जगलेल्या दिसतात.

आणि धरणारा कोण असतो? आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात एक माणूस बांबूच्या करंडीत मुनिया घेऊन बसे. करंडीवर फडके टाकलेले असे. मी त्याला एकदा विचारले की हे चालते का? तो म्हणाला, ‘न्हाई चालत, ताई. पर घेत्यात कोन? शिकल्याली मानसंच घेत्यात. आमच्यातलं कोन घेनार पाखरू?’ त्याचे म्हणणे खोडून काढता येण्यासारखे नव्हते. आपल्याकडे फासेपारधी, उत्तरेत मीरशिकार अशा जमातींचे पोट पिढ्यान्‌पिढ्या पाखरे धरण्यावर चालले. फासेपारध्यांना तर इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो शिक्का पुसला गेला आणि वीस वर्षांनी आलेल्या नव्या कायद्याने त्यांचा धंदाच गुन्हा ठरला. कायदा पाखरांसाठी आवश्यक होता याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्या वेळी जाळे काढून घेताना हातात दुसरे काय दिले, हा प्रश्न राहतोच. करंडी पकडली जाते; ती करंडी रिकामी करून पिंजरा घरी नेणारा नोकरदार सुटतो. आपण, म्हणजे या अंकाचे वाचक, कोणत्या बाजूला बसतो हे उघड आहे.

आता उत्तराचा दुसरा भाग. कायद्याने पाळता येतात असे या कुळातले पक्षी आहेत, आणि त्यांच्या संगोपनाचे शास्त्र तेच आहे. दुकानात मिळणारा झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाचा. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, छातीवर काळ्या बारीक रेघा, कुशी तांबूस. मादी राखाडी आणि दोघांच्या शेपटीवर काळेपांढरे पट्टे. दुसरा तथाकथित ‘बंगाली फिंच’. याचीच ती नवलाची गोष्ट. हा पक्षी बंगालचा नाही आणि रानात कुठेही सापडत नाही. पांढऱ्या पाठीची मुनिया, म्हणजे आपल्या कोकणात दिसते तीच जात, सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी चीनमधून जपानात गेली आणि जपानी लोकांनी पिढ्यांमागून पिढ्या वाढवून तिचा हा पाळीव पक्षी केला. गायीगुरांसारखाच तो आता घरचा झालेला आहे. काझुओ ओकानोया या जपानी शास्त्रज्ञाने रानटी मुनिया आणि हा पाळीव वंशज यांच्या गाण्याची तुलना केली, तेव्हा पाळीव पक्ष्याचे गाणे अधिक गुंतागुंतीचे आढळले. रानात गाण्यात फार रंगून जाणाऱ्याला शत्रू टिपतो आणि पिंजऱ्यात ती भीती नाही, असे त्याचे एक कारण सांगतात.

पक्षीघर कसे असावे? आपल्याकडे टांगायचा उंच, घुमटाकार पिंजरा सर्रास वापरतात. तो दिसायला छान आणि पाखराला निरुपयोगी. फिंच हेलिकॉप्टरसारखे सरळ वर उडत नाही. ते आडवे उडते. म्हणून पिंजरा उंच नसला तरी चालेल, लांब हवा. जागा असेल तर अंगणात भिंतीला लागून माणूस आत उभा राहू शकेल असे जाळीचे घर करावे. जाळीचे भोक एक सेंटिमीटरच्या आसपास असावे. त्याहून मोठ्या भोकातून उंदराचे पिल्लू आत येते आणि पाखराचे डोके बाहेर अडकते. साप आणि मांजर यांच्यासाठी बोटभर अंतर सोडून बाहेरून दुसरी जाळी लावली तर उत्तम. छपराचा निम्मा भाग पत्र्याने किंवा कौलाने झाकावा, निम्मा उघडा ठेवावा. सकाळचे ऊन आत यावे, दुपारचे नको. पश्चिमेच्या पावसाची झड आत येणार नाही अशी भिंत त्या बाजूला हवी. दार एकच असले तर एक दिवस पाखरू डोक्यावरून निघून जाते; जाणकार लोक म्हणूनच दोन दारे करतात, बाहेरचे लावल्यावर आतले उघडायचे.

बसायला गुळगुळीत गोल दांडे घालू नयेत. पेरू, कडुलिंब, बाभळीच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या घालाव्यात. म्हणजे पायाची पकड बदलत राहते आणि तळवे दुखत नाहीत. एका कोपऱ्यात गवताचा ठोंब लावावा. पाण्याचे भांडे उथळ, दोनतीन सेंटिमीटर खोल. या पाखरांना रोज अंघोळ लागते आणि खोल भांड्यात ती बुडतात. झेब्रा फिंचची पाणी पिण्याची तऱ्हा पाहण्यासारखी असते. इतर पाखरे चोचीत पाणी घेऊन मान वर करतात. हा कबुतरासारखा मान खाली ठेवूनच पाणी ओढतो.

अन्नाच्या बाबतीत खेड्यातल्या माणसाला काही शिकवावे लागत नाही. दुकानात ‘कांगणी’ म्हणून पुडीत मिळते तो आपला राळाच. राळे, वरी, बाजरी, नाचणी यांचे मिश्रण हे मुख्य अन्न. एकच धान्य देऊ नये. त्याबरोबर चिकातले गवताचे तुरे, कोवळी हिरवळ, कधी काकडीची फोड. पिल्ले असतील तेव्हा उकडलेले अंडे कुस्करून द्यावे. वाळवी मिळाली तर फारच चांगले, कारण बिया खाणारी मुनियाही पिल्लांना किडे भरवते. अंड्याच्या कवचासाठी चुना लागतो. काष्ठौषधींच्या दुकानात ‘समुद्रफेन’ मिळतो, तो म्हणजे समुद्रातल्या एका माखलीवर्गी प्राण्याचे आतले कवच. त्याचा तुकडा जाळीला बांधून ठेवला की पाखरे आपापल्या गरजेप्रमाणे कुरतडतात. स्वच्छ बारीक वाळूही ठेवावी.

इथे एक लहानशी पण जिवावर बेतणारी गोष्ट. फिंच दाणा सोलून गर खातो आणि टरफल तिथेच टाकतो. थोड्या वेळाने वाटी वरून भरलेली दिसते, पण ती नुसत्या फोलांनी. पाहणारा समजतो दाणा भरपूर आहे. दहा-बारा ग्रॅमच्या पाखराजवळ साठवण ती किती असणार? एखादा दिवस उपास घडला तरी ते मरते. म्हणून रोज सकाळी वाटीवर फुंकर मारावी. फोले उडून जातात आणि खरे काय उरले ते दिसते. घरातल्या बाया सुपात पाखडतात, तेच हे.

आजार ओळखणे कठीण असते, कारण लहान पाखरू आजार लपवते. रानात आजारी दिसणारा पहिला टिपला जातो. तेव्हा भरदिवसा पिसे फुलवून, डोळे मिटून, थव्यापासून दूर बसलेले पाखरू दिसले की उशीर करू नये. त्याला वेगळ्या लहान पिंजऱ्यात ठेवून ऊब द्यावी, शेजारी बल्ब लावला तरी चालतो, आणि पशुवैद्याला दाखवावे. नवे आणलेले पाखरू महिनाभर निराळे ठेवल्याशिवाय जुन्यांत सोडू नये. स्वयंपाकघरात पिंजरा ठेवू नये. धूर, आणि विशेषतः न चिकटणारा तवा फार तापला तर त्याची वाफ, या पाखरांना विषासारखी बाधते.

घरट्यासाठी नारळाची करवंटी किंवा बांबूची लहान परडी टांगावी आणि तळाशी सुके गवत टाकावे. झेब्रा फिंच चार ते सहा पांढरी अंडी घालतो, नरमादी आळीपाळीने बसतात, दोन आठवड्यांच्या आत पिल्ले बाहेर येतात आणि तीन आठवड्यांत घरटे सोडतात. तीन महिन्यांत ती स्वतः विणीला तयार होतात. सुरुवातीला याचे कौतुक वाटते. मग वर्षभरात दोनाची चाळीस होतात आणि मादी अंडी घालून घालून खंगते. म्हणून दोनतीन विणींनंतर करवंटी काढून घ्यावी. पाखरांनाही बाळंतपणाची विश्रांती लागते, हे सांगायला लाजू नये.

लाल मुनियेच्या बाबतीत पिंजऱ्यात एक विचित्र गोष्ट घडते. तिचा लाल रंग आहारातून येतो. गवत, बिया यांतल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून तिचे शरीर लाल रंग तयार करते. ऊन नाही, हिरवळ नाही, नुसता कोरडा दाणा. असे झाले की पुढच्या वेळी पिसे बदलताना नर पूर्वीसारखा लाल होत नाही, आणि पुष्कळ वेळा काळवंडतो. ज्या रंगासाठी तिला धरले तो रंगच पिंजऱ्यात राहत नाही.

परदेशी गेलेल्या मुनियांतल्या काही मात्र पिंजऱ्यातून निसटल्या किंवा सोडल्या गेल्या आणि तिकडे रुजल्या. स्पेन, पोर्तुगाल, फिजी, हवाई इथे आज लाल मुनिया मोकळ्या नांदतात. आपल्याकडे मात्र ओढ्याकाठची लव्हाळी जाळून वावर बांधापर्यंत नांगरले जाते, आणि तणनाशकाच्या फवाऱ्याने गवताचे बी धरण्याआधीच गवत संपते. ज्वारीही कमी झाली. आमच्या शिवारात आता राखणीचा माळा उभा राहत नाही. वडील म्हणतात, ‘चोर गेला म्हणून बरं वाटायला पायजे, पर वाटत न्हाई.’

बाजारात किंवा कोणाच्या घरी रंगवलेली वा धरलेली मुनिया दिसली तर काय करावे, हे विचारले जाते म्हणून सांगते. दया म्हणून ती विकत घेऊन सोडू नये. पैसे मिळाले की दुसऱ्या दिवशी जाळे पुन्हा लागते. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. ताब्यात आलेली पाखरेही लगेच उडवून चालत नाही. बुडवलेली पिसे जड व चिकट झालेली असतात, पंख कापलेले असतात, आणि भडक हिरव्या-गुलाबी पाखराला ससाणा लांबूनच हेरतो. रंग धुऊन पूर्ण जात नाही. जुनी पिसे गळून नवी यावी लागतात आणि त्याला काही महिने जातात. तोवर अशा मुनियेला प्राणिसंग्रहालयात किंवा वन विभागाच्या उपचार केंद्रात लांब पिंजरा लागतो, सकाळचे ऊन लागते, राळे-वरी लागते, उथळ पाणी लागते, आणि अंगाला अंग लावून बसायला तिच्याच जातीच्या चारदोन सोबतिणी लागतात. नवी पिसे आली, पंख भरला आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता उडू लागली, की मग जवळ लव्हाळी आणि पाणी असलेली जागा पाहून, थव्यानेच, सकाळच्या वेळी सोडतात.